सासऱ्यांना लकवा : जीव वाचला, पण माणूस गप्प झालाय

मिरजेची_सून
आषाढात सासऱ्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. वय ७१, जन्मभर किराणा दुकान चालवलेलं. आता काठी धरून न्हाणीपर्यंत जातात, फिजिओ येतो. पण जेवताना मध्येच रडू फुटतं आणि गल्लीतलं कुणी भेटायला आलं की तोंड भिंतीकडे. पाहुणे म्हणतात, जीव वाचला, आणखी काय हवं? दवाखान्यातले लोक यात काही करतात, की हे घरानंच निस्तरायचं?

निवृत्त_सिस्टर
करतात, पण विचारावं लागतं गं. फॉलोअपला बीपी, शुगर आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या यातच वेळ संपतो. रडण्याचं तूच काढ. झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, त्यावर औषध आहे. मनात काही नसताना एकदम रडू फुटणं हा मेंदूच्या इजेचाही परिणाम असतो, ते वेगळं. रडू कधी येतं, किती वेळ टिकतं, लिहून ने.

आणि स्पीच थेरपिस्टचं तू लिहिलंच नाहीस! उजवी बाजू आणि वाचा एकदम जाते तेव्हा मार बहुधा मेंदूच्या डाव्या बाजूला असतो. शब्द सापडत नाहीत, अक्कल जागेवर असते. आमच्या वॉर्डात एका आजोबांना 'पाणी' म्हणता येईना, पण थेरपिस्टबाईंनी 'बे एके बे' सुरू केलं की 'बे दाहे वीस'पर्यंत धडाधड. जन्मभराचं पाठांतर असं अचानक बाहेर येतं. तिथून बाई त्यांना एकेका शब्दावर आणायच्या. घरी कप आणि पेला समोर धरून 'चहा की पाणी?' विचारा आणि थांबा. वाक्य तुम्ही पुरं करू नका. ओरडूनही बोलू नका, कान शाबूत आहेत त्यांचे.

फिजिओ_सांगली
सिस्टरांशी सहमत. तुमच्या फिजिओला दुकानाचं सांगितलंय का? मी अशा पेशंटला रबरी चेंडू देत बसत नाही. शेंगदाणे निवडणं, नाणी मोजणं, कागदाची पुडी बांधणं, डाव्या हातानं सुरुवात आणि उजवा आधाराला. माणूस आपल्या कामात रमला की व्यायाम आपोआप होतो. एक मात्र घरच्या सगळ्यांना बजावा : उठवताना उजवा हात धरून ओढायचं नाही. खांदा सैल पडलेला असतो, निसटतो, आणि मग दुखण्यापायी पेशंट हातच लावू देत नाही.

मिरजेची_सून
बापरे, आम्ही तर उजवा हात धरूनच उठवतो. पुडीचं ऐकून सासूबाई दोऱ्याचं रीळ शोधायला लागल्यासुद्धा. स्पीच थेरपिस्ट कुठे मिळेल?

निवृत्त_सिस्टर
मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात चौकशी कर. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था याच कामाची आहे. काही थेरपिस्ट व्हिडिओ कॉलवरही शिकवतात.

मिरजेची_सून
गुरुवारी फॉलोअप आहे. रडण्याचं त्यांच्यासमोर सांगू की बाहेर येऊन?

निवृत्त_सिस्टर
त्यांच्यासमोरच. पण घरून निघताना आधी त्यांना विचार, 'हे डॉक्टरांना सांगू का?' मान हलवून सांगतील.