पोलीस ठाण्याला पैसा येतो कुठून, आणि ट्रेनिंगच्या वाट्याला त्यातला किती जातो?

मानेवाडा_रोड

नमस्कार मंडळी, थोडं लांब झालंय, जमलं तं पूर्ण वाचा.

गेल्या महिन्यात आमच्याकडे घरफोडी झाली. काटोलला लग्नाला गेलो होतो, रात्री परत आलो तं मागच्या दाराचा कोयंडा तोडलेला, कपाट सताड उघडं, सासूबाईंच्या पाटल्या आणि रोकड गेली. ११२ ला फोन केला, गाडी लवकर आली, त्याबद्दल काही म्हणणं नाही. नंतर ठाण्यातून एक अंमलदार आले, पस्तिशीचे असतील, बोलायला खूप चांगले, सासूबाई थरथरत होत्या तं आधी त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी द्यायला लावलं आणि मगच विचारपूस सुरू केली.

पंचनाम्याचं आता शूटिंग करावं लागते म्हणे. ते स्वतःच्या मोबाईलवरच करून राहिले होते. दोन-तीन मिनिटं झाली नाही तं फोनमधली जागा संपली. माझ्या डोळ्यासमोर ते मागच्या पायरीवर बसले आणि एकेक व्हिडिओ डिलीट करू लागले. त्यात त्यांच्या मुलीचा गॅदरिंगचा डान्स होता, पिवळा घागरा घातलेली छोटीशी पोरगी, तो त्यांनी उघडला, दोन-चार सेकंद पाहिला आणि काढून टाकला. मी म्हटलं दादा माझा फोन घ्या, तं म्हणाले नाही चालत ताई, उद्या कोर्टात वकील विचारेल कोणाचा फोन, कोणी काढलं. मग ॲपमध्ये चढवायचं कसं ते आठवेना, म्हणून ठाण्यातल्या एका नवीन पोराला फोन लावून विचारून विचारून केलं. रात्रीचा दीड वाजला होता. म्हणाले सकाळी आठपासून ड्युटीवर आहे.

तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे. ज्या कामासाठी कायद्याने सक्ती केली, त्याचा फोन त्या माणसाला कोणी द्यायचा? ठाण्याला पैसा कोण देते, महानगरपालिका, मुंबईचं सरकार की दिल्ली? माझा भाऊ म्हणते आपण घरटॅक्स भरतो त्यातून जाते. आणि एवढे नवीन कायदे आले तं या लोकांना शिकवते कोण, किती दिवस? कोणाला नीट माहीत असेल तं सांगा, मला खरंच समजून घ्यायचं आहे.

---

कोषागारातला_जुना

ताई, तुमच्या भावाचा गैरसमज आहे, पण तो बहुतेकांचा असतो. पोलीस हा राज्याचा विषय आहे, घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीत लिहिलेला. तुमच्या घरटॅक्समधून ठाण्याच्या अंमलदाराचा पगार होत नाही. नागपूर शहर असो की ग्रामीण, सगळा पगार, डिझेल, भत्ते, कागद, सगळं राज्याच्या गृह विभागाच्या बजेटमधून येते. पालिकेचा संबंध येतो तो चौकातल्या कॅमेऱ्यांपुरता, ते स्मार्ट सिटीतून लागले, कंट्रोल सेंटर पालिकेच्या सिव्हिल लाइन्सच्या इमारतीत आहे आणि चित्र पोलिसांना दिसते.

मी तीस वर्षं बिलं पाहिली म्हणून सांगतो, बजेटच्या पुस्तकात "२०५५ पोलीस" म्हणून मुख्य लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं खातं असते, चालू खर्च त्याच्यात. इमारत वगैरे बांधायची असेल तं "४०५५". त्या २०५५ च्या पोटात आणखी लहान शीर्षं असतात, १०९ म्हणजे जिल्हा पोलीस, ११५ म्हणजे पोलीस दलाचं आधुनिकीकरण आणि ००३ म्हणजे शिक्षण व प्रशिक्षण. हा ००३ चा आकडा १०९ च्या बाजूला ठेवून पाहा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळून जाईल. बहुतेक पैसा पगारात जातो, ते साहजिक आहे, माणसांवरच चालणारं खातं आहे. पण ट्रेनिंगवर देशभरात पोलीस बजेटच्या एक-दीड टक्क्याच्या आसपासच खर्च होते, ही गोष्ट मला नेहमी खटकत आली.

दिल्लीचा पैसाही येते. १९६९-७० पासून केंद्राची पोलीस आधुनिकीकरण योजना आहे, आपल्यासारख्या राज्यांना ६०:४०, म्हणजे साठ केंद्र देणार, चाळीस राज्याने टाकायचे. २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी केंद्राने या योजनेच्या मोठ्या छत्राखाली २६,२७५ कोटी मंजूर केले होते, अर्थात पूर्ण देशासाठी आणि त्यात सुरक्षेच्या बऱ्याच दुसऱ्या योजनाही धरलेल्या. गाडी अडते ती इथे: आधीचा पैसा खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र पाठवलं नाही तं पुढचा हप्ता मिळत नाही. निविदा लांबली, खरेदी मार्चच्या तोंडावर आली, बिल ३१ मार्चच्या रात्रीपर्यंत पास झालं नाही की पैसा परत. हे मी माझ्या टेबलावरून पाहिलं आहे, एकदा नाही, दर वर्षी. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही घरी जेवायलाच तेवढे जायचो.

तिसरा रस्ता म्हणजे जिल्हा नियोजन समिती, अध्यक्ष पालकमंत्री. त्यातून पोलिसांना गाड्या, कॅमेरे मिळतात. तुम्ही पेपरात झेंडी दाखवतानाचा फोटो पाहता ना, त्यातल्या गाड्या बरेचदा या पैशाच्या असतात.

---

टाकळी_लाइन

कोषागारवाल्या काकांनी पैशाचं बरोबर सांगितलं. मी ट्रेनिंगचं सांगतो, कारण मी ३३ वर्षं नोकरी करून सहायक फौजदार म्हणून रिटायर झालो आणि घरफोडीचे पंचनामे किती केले याची मोजदाद नाही.

भरतीनंतर शिपायाला नऊ महिने मूळ प्रशिक्षण असते. नागपूरला केंद्र आहे, अकोला, जालना, खंडाळा, मरोळ, नानवीज, सोलापूर, तुरची अशी बाकी ठिकाणं. पीएसआयवाले नाशिकच्या अकादमीत जातात. आमच्या वेळी पहाटे उठून पीटी, मग परेड, पाय आपटून आपटून टाचा सुजायच्या, दुपारी जेवण झालं की कायद्याचा तास. उन्हाळ्यात नागपूरच्या दुपारी पत्र्याखाली बसून भादंवि, म्हणजे जुना भारतीय दंड विधान कायदा, शिकणं म्हणजे काय ते ज्याने भोगलं त्यालाच ठाऊक. तरी ते नऊ महिने मला आयुष्यभर पुरले, कारण कायदा बदलला नाही. ३०२ म्हणजे खून, ४२० म्हणजे फसवणूक, ४५७-३८० म्हणजे रात्रीची घरफोडी, झोपेतून उठवलं तरी सांगायचो.

आता १ जुलै २०२४ पासून सगळं बदललं, भादंविच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खून १०३ झाला, फसवणूक ३१८, तुमच्याकडची घरफोडी ३३१ आणि ३०५. कलमं पाठ करणं सोपं आहे हो, पोरं करून टाकतात. कठीण आहे ती पद्धत. झडती-जप्तीचं शूटिंग नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने बंधनकारक केलं, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकचा माणूस जागेवर आणायचा, ते शूटिंग पुराव्यांच्या ई-साक्ष्य ॲपमध्ये चढवायचं. हे वर्गात बसून, पडद्यावर स्लाइड पाहून येत नाही. माझा भाचा खात्यात आहे, त्याला या सगळ्याचं दोन दिवसांचं ट्रेनिंग मिळालं, एका हॉलमध्ये दीडशे जण. हातात फोन देऊन "चल, ही खोली घटनास्थळ समज, कर शूटिंग, दाखव" असं कोणी केलं नाही. तुमच्याकडे आलेला पोरगा पायरीवर बसून फोन लावून विचारत होता ते म्हणूनच. त्याला विचारायची लाज वाटली नाही हे मला आवडलं, बरेच जण लाजेपोटी अर्धवट करून मोकळे होतात आणि मग आरोपी सुटते.

आणि ताई, एक गोष्ट कोणी बोलत नाही. उजळणी कोर्सचा आदेश येते, ठाण्यातून तीन माणसं पाठवा. ठाणेदार पाठवणार कुठून? नागपूरचं कॅलेंडर पाहा. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक, मग गणपती, मग दुर्गा उत्सव, दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक, ईदचे जुलूस, डिसेंबरमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन, ते संपत नाही तं थर्टी फर्स्ट. अधिवेशनात तं बाहेर जिल्ह्यातून माणसं मागवतात, शाळांमध्ये, मंगल कार्यालयात झोपतात बिचारी. अशा वेळी कोर्सला कोण जाईल? जो कामाचा आहे त्याला ठाणेदार सोडत नाही, मग आजारी, नाहीतर रिटायरमेंटला आलेला माणूस जाऊन कोर्स करून येते. मी स्वतः शेवटच्या वर्षी सायबरचा कोर्स करून आलो. आठ महिन्यांनी रिटायर झालो. ते शिक्षण कोणाच्या कामी आलं?

---

अंमलदाराची_बायको

दादा तुम्ही मनातलं बोललात. माझे हे तेरा वर्षांपासून खात्यात आहेत. कोर्सला गेले की साप्ताहिक सुट्टी त्यातच धरली जाते आणि परत आल्यावर पेंडिंग गुन्ह्यांची फाइल तशीच टेबलावर, कोणी एक कागद हलवलेला नसते, म्हणून तेच म्हणतात नको तो कोर्स. २०२१ मध्ये नागपुरात महिला पोलिसांना आठ तास ड्युटी सुरू केली तेव्हा आमच्या पोलीस लाइनमध्ये बायकांनी पेढे वाटले होते, खरंच वाटले होते. पुरुषांचं बारा तासांचं तसंच आहे. बारा तासानंतर माणूस नवीन काय शिकेल?

आणि मानेवाडा ताई, त्या अंमलदारांचा मुलीचा डान्सचा व्हिडिओ गेला हे वाचून मला रडू आलं. आमच्याकडे पण ह्यांच्या फोनमध्ये आमचे फोटो राहतच नाहीत, सगळे मी माझ्याकडे पाठवून घेते आधीच.

---

सॅक्रामेंटोहून_नागपूरकर

मूळचा लक्ष्मीनगरचा, आता बावीस वर्षं कॅलिफोर्नियात. इकडे उलटं आहे म्हणून लिहितो, तुलना केली तर कदाचित काही सापडेल.

ताई, तुमच्या भावाचं म्हणणं इथे बरोबर ठरलं असतं. अमेरिकेत पोलीस खातं गावाचं किंवा कौंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचं असतं, देशात १८ हजारांच्या आसपास वेगवेगळी खाती, काहींमध्ये तर चार-पाचच माणसं, आणि पगार मुख्यतः स्थानिक करातून. त्यामुळे श्रीमंत गावाचे पोलीस आणि गरीब गावाचे पोलीस यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो, हा त्यांचा मोठा दोष आहे, आपल्याकडे निदान गडचिरोलीच्या शिपायाला आणि मुंबईच्या शिपायाला वेतनश्रेणी एकच.

मग इथे राज्य काय करतं? कॅलिफोर्नियात १९५९ मध्ये राज्याने पोलिसांच्या प्रशिक्षणाचा दर्जा ठरवणारा एक आयोग काढला, सगळे त्याला पोस्ट (POST) म्हणतात. खातं कोणाचंही असो, पोलीस व्हायला किमान ६६४ तासांचं मूळ प्रशिक्षण पाहिजेच, तो अभ्यासक्रम हा आयोग ठरवतो. टाकळी लाइनवाल्या दादांनी जो मुद्दा मांडला त्यावर इथे एक उपाय आहे: काही कोर्सेससाठी माणूस ट्रेनिंगला गेला की त्याच्या जागी जो उभा राहतो त्याच्या ओव्हरटाइमचे पैसेही राज्य त्या खात्याला भरून देतं. म्हणजे कोर्सचा खर्च धरताना रिकाम्या खुर्चीचाही हिशोब धरतात. माझा शेजारी इथे शेरीफ खात्यात, म्हणजे कौंटीच्या पोलिसांत आहे, त्याच्याकडून मला हे पहिल्यांदा कळलं आणि लगेच आपली नागपूरची ठाणी आठवली. इकडचं सगळंच चांगलं असं अजिबात नाही, बंदुकीच्या बाबतीत इथल्या पोलिसांनी काय काय केलं ते जगाने पाहिलंय, पण ही एक गोष्ट घेण्यासारखी आहे.

---

मानेवाडा_रोड

सगळ्यांचे मनापासून आभार, मला एवढं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. अंमलदाराची बायको ताई, तुमचं वाचून मी पण खूप वेळ गप्प बसले.

रिकाम्या खुर्चीवालं मला पटलं. म्हणजे नुसतं प्रशिक्षणाचा निधी वाढवा म्हणून फायदा नाही, माणूस गेला तं त्याच्या जागी दुसरा मिळाला पाहिजे. मी इथे वाचलं की सरकारने मार्वल म्हणून एआयची कंपनी २०२४ मध्ये नागपुरातच काढली, पोलिसांसाठीच. चांगलंच आहे ते. पण ज्याच्या फोनमध्ये जागा नाही त्याच्यापर्यंत ते पोचणार कसं हा माझा साधा प्रश्न आहे.

मी माहिती अधिकारात अर्ज टाकायचं ठरवलंय. शूटिंगसाठी सरकारने किती फोन किंवा टॅब घेतले, कोणत्या ठाण्याला किती दिले, तीन वर्षांत किती अंमलदार कोर्सला गेले, किती दिवस, मंजूर पदं किती आणि भरलेली किती. एवढं सगळं एकाच अर्जात चालेल का?

---

कोषागारातला_जुना

नाही चालणार ताई. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, तेवढ्यावरूनच परत पाठवतात. तीन अर्ज करा: एक फोन-टॅबचा, एक कोर्सचा, एक पदांचा. प्रत्येकाला दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, जन माहिती अधिकारी, पोलीस आयुक्त कार्यालय, नागपूर शहर असा पत्ता. ऑनलाइन पण होते. पोच जपून ठेवा, ३० दिवसांत उत्तर आलं नाही तं पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करायचं.

"का दिले नाही" असं विचारू नका, कारणं विचारली की ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही म्हणून मोकळे होतात. "वाटपाच्या नोंदवहीची प्रत द्यावी" असं लिहा.

---

टाकळी_लाइन

आणि कोर्सच्या अर्जात एक ओळ टाकाच: कोर्सला गेलेल्या प्रत्येक अंमलदाराची त्या तारखेला निवृत्तीला किती वर्षं शिल्लक होती. नावं मागू नका, वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतील, फक्त पद आणि शिल्लक वर्षं मागा. अर्जाचा मसुदा झाला की इथे टाका, मी पाहून देतो.