चार वर्षांनी जर्मनीत परिचारिका म्हणून जायचे आहे, तर तयारी आजपासून करावी की नोकरी सोडल्यावर?

प्रश्न : अतिदक्षता_सांगली

मी सांगलीतील एका खाजगी रुग्णालयात गेली तीन वर्षे अतिदक्षता विभागात स्टाफ नर्स आहे. माझे जीएनएम (परिचर्या व प्रसविका पदविका) झाले असून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणीही आहे. तिशीच्या आत, म्हणजे येत्या चार वर्षांत, जर्मनीत परिचारिका म्हणून रुजू व्हायचे मी मनाशी पक्के केले आहे. धाकट्या भावाचे शिक्षण संपेपर्यंत, म्हणजे अजून दोन वर्षे, मला ही नोकरी सोडता येणार नाही. त्यानंतर पुण्यात राहून भाषेचा पूर्णवेळ वर्ग लावावा, असा विचार आहे. मात्र गेल्या दोन दिवाळ्यांना मी ‘पुढच्या वर्षी नक्की’ असेच म्हटले होते, त्यामुळे आता माझाच माझ्यावर विश्वास राहिलेला नाही. तीन पाळ्यांच्या नोकरीत आत्ताच काही सुरू करता येईल का, की दोन वर्षे थांबणे शहाणपणाचे ठरेल?

प्रतिसाद : जर्मन_शिक्षिका_पुणे

ताई, आधी हिशेब मांडू. आपले शिक्षण जर्मनीत परिचारिकेसाठी पूर्ण ग्राह्य धरले जावे, म्हणजे मान्यता मिळावी, यासाठी साधारणपणे बी२ पातळीची (ए१ ते सी२ या सहा पातळ्यांतली चौथी) जर्मन भाषा लागते आणि अगदी पहिल्या धड्यापासून तिथवर पोहोचायला ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका लागतात, असे जर्मन शिकवणारी आणि तिच्या परीक्षा घेणारी ग्योथे संस्थाच सांगते. कमीत कमी ६०० धरल्या तरी ते ४५० तास होतात. रोज एक तास दिला, तर नुसत्या शिकवणीलाच सव्वा वर्ष जाते आणि घरचा अभ्यास त्याहून वेगळा. दोन वर्षांनी आरंभ केलात, तर पूर्णवेळ वर्ग लावूनही उरलेल्या दोन वर्षांतला मोठा भाग भाषेतच जाईल आणि मान्यतेचा अर्ज, मुलाखत, व्हिसा यांना पुरेशी जागा उरणार नाही.

ग्योथे संस्थेची बी२ची परीक्षा वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण अशा चार भागांची असते. प्रत्येक भागात १०० पैकी ६० गुण लागतात आणि हे भाग वेगवेगळ्या वेळीही देता येतात, ही गोष्ट पाळीत काम करणाऱ्यांच्या फार उपयोगाची आहे. वर्ग निवडताना ध्वनिचित्रमुद्रण मिळते का ते आधी विचारा, कारण नाइटच्या आठवड्यात तुमचे तास बुडणारच.

मराठी माणसाला तीन लिंगे नवी नाहीत, ही आपली मोठी जमेची बाजू आहे. घोटाळा होतो तो लिंग बदलते तिथे. आपली उशी ‘ती’, पण जर्मन ‘डास किसेन’ म्हणजे ‘ते’. आपले बँडेज ‘ते’, पण ‘डेर फेरबांड’ म्हणजे ‘तो’. तुमच्या विभागातल्या वस्तूंची नावे आजपासून लिंगासकट वहीत लिहायला लागा. ड्यूटीवर ती वस्तू हातात आली की तिचे नाव मनात म्हणा.

प्रतिसाद : श्टुटगार्टहून

मी मूळची कोल्हापूर जिल्ह्यातली असून सध्या इथल्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. भाषेबद्दल वर सांगितले आहे ते अगदी खरे आहे, पण माझे सर्वांत जास्त महिने गेले ते कागदपत्रांत. मान्यता देणारे कार्यालय तुमच्या शिक्षणाची जर्मन अभ्यासक्रमाशी तुलना करते, म्हणून त्याला प्रत्येक विषयाचे वर्गातले तास आणि प्रत्यक्ष रुग्णसेवेचे तास महाविद्यालयाने दिलेल्या लेखी तक्त्यात हवे असतात. गुणपत्रिकेवरून ते कळत नाही. मी ज्या महाविद्यालयात शिकले तिथले जुने प्राचार्य निवृत्त झालेले होते, नोंदवह्या कुठे आहेत हे कुणाला ठाऊक नव्हते आणि सही-शिक्क्याच्या त्या तक्त्यासाठी माझ्या आईने तिथे सात खेपा घातल्या. तुमचे शिक्षक अजून तुम्हाला ओळखतात तोवर हा तक्ता मागून घ्या.

दुसरी गोष्ट नावाची. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असते, तर पारपत्रावर क्रम निराळा असतो. त्यात वडिलांच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचाही फरक असला, तर प्रत्येक ठिकाणी खुलासा द्यावा लागतो. सगळी कागदपत्रे एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहा आणि दुरुस्ती आत्ताच करून घ्या. अनुभवाच्या दाखल्यावरही केवळ ‘स्टाफ नर्स’ असे न लिहिता विभाग, कालावधी आणि आठवड्याचे तास लिहून घ्या.

अतिदक्षता_सांगली

आपणा दोघींची मी मनापासून आभारी आहे. आज ड्यूटीवरून आल्यावर दहावीचे प्रमाणपत्र काढून पाहिले, तर वडिलांच्या नावात खरोखरच एक अक्षर वेगळे आहे. दोन वर्षांनी ऐन अर्जाच्या वेळी हे लक्षात आले असते, तर मी खचून गेले असते. एक शंका आहे : फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाचा जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग (श्टुटगार्ट ज्यात आहे त्या) राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार झाला, त्यामुळे भाषेची अट शिथिल होईल का? एका मध्यस्थाने तसे सांगून आगाऊ रक्कम मागितली आहे.

श्टुटगार्टहून

अट सुटेल या आशेवर एक दिवसही थांबू नका आणि ती रक्कम तर मुळीच देऊ नका. जर्मनीत परिचारिका भरतीसाठी एक सरकारी गुणचिन्ह, म्हणजे योग्य रीतीने भरती करणाऱ्या संस्थेला मिळणारी दर्जाची खूण, आहे. ते मिळवणाऱ्या संस्थांना भरतीचा खर्च परिचारिकेवर टाकता येत नाही, तो नोकरी देणाऱ्याने सोसायचा असतो. शिवाय ही अट रुग्णाच्या जिवासाठी आहे. मी बी२ उत्तीर्ण होऊन आले, तरी पहिल्या सकाळच्या हँडओव्हरमध्ये, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती देतात तेव्हा, सहकारी इथल्या श्वेबिश बोलीत भराभर बोलत होत्या आणि एका आजोबांना उपाशी ठेवायचे आहे की नुकतेच खायला दिले आहे, हे मला नीट कळले नव्हते. मी पुन्हा विचारले, म्हणून निभावले. पुन्हा विचारण्याइतकी भाषा तरी पदरी हवीच.

तुमची पुढची नाइट कधी आहे? त्याआधी नावाच्या दुरुस्तीचा अर्ज देऊन या आणि पोच मिळाली की इथे लिहा. महाविद्यालयाकडे मागायच्या तक्त्याचा नमुना मी तोवर मराठीत तयार करून ठेवते.