रोमन सम्राट टायबेरियसच्या देनारियससोबत (चांदीचं नाणं) जुनी चिठ्ठी आली, आधीचे मालक कसे शोधायचे?

वजनकाटा: नाण्याच्या मागच्या बाजूला बसलेली स्त्री आणि 'पाँटिफ मॅक्सिम' (मुख्य पुरोहित) हा लेख. वजन 3.72 ग्रॅम. सोबत गोल कागदी चिठ्ठी, तिच्यावर शाईने '57½' आणि '1908'. विकणारा म्हणतो, जुना इंग्रज संग्रह. 57½ ही किंमत की लिलावातला लॉट नंबर?

ठसेतज्ज्ञ: दोन्ही नाही, ते ग्रेन या जुन्या इंग्रजी मापातलं वजन. एक ग्रेन म्हणजे 0.0648 ग्रॅम, त्यामुळे 57½ म्हणजे 3.73. अर्ध्या ग्रेनपर्यंतच मोजलं असेल तर 0.01 चा फरक किरकोळ. म्हणजे चिठ्ठी जुळते. पण या प्रकारची कितीतरी नाणी 3.7 च्या आसपासच भरतात आणि चिठ्ठ्या एका नाण्यावरून दुसऱ्यावर सहज जातात, तेव्हा नुसत्या वजनावर मालकी ठरवू नका.

पुढे जुने लिलाव-कॅटलॉग. जर्मन बरेचसे हायडेलबर्ग विद्यापीठाच्या साइटवर, बाकी न्यूमन पोर्टल या नाणेशास्त्राच्या ऑनलाइन ग्रंथसंग्रहात बघा. चेहरा जुळवत बसू नका. एकाच ठशातून हजारो नाणी पडली, चेहरा जुळणारच. जुळवायची ती कड: कुठे चीर आहे, अक्षरं कोणत्या बाजूला कापली गेलीत, मण्यांची किनार कुठे गायब आहे. रंगाकडे दुर्लक्ष करा, त्या काळचे फोटो बहुधा प्लास्टरच्या साच्यांवरून काढलेले असत.

खरं सांगायचं तर या नाण्याचा फोटो सापडणं कठीण. इतकं सर्रास मिळणारं नाणं तेव्हा फोटोशिवाय, पाच-दहांच्या लॉटमध्येच जायचं.

कडेकडेने: आणि कड तंतोतंत जुळली तरी हुरळून जाऊ नका! मूळ नाण्यावरून ओतलेली नक्कलही तशीच जुळते. दहापट भिंगाखाली कडेवर ओतकामाची शिवण आणि पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे शोधा.

वजनकाटा: म्हणजे मालकी नाण्यावरच लिहिलेली कधी सापडतच नाही का?

ठसेतज्ज्ञ: सापडते. काही रोमन नाण्यांत चांदीचा इवलासा गरुड जडवलेला असतो. ती इटलीतल्या मोडेनाच्या एस्ते घराण्याच्या संग्रहाची खूण मानतात. आपल्याकडचं उदाहरण तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईचं: 1898 मध्ये सापडलेल्या 501 रोमन सोन्याच्या नाण्यांपैकी बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर मुद्दाम छिन्नीचा घाव घातलेला आहे. का, यावर अजून वाद आहे. बाजारात असे घाव 'खराबी' म्हणून किंमत पाडतात, माझ्या मते उलट पाहिजे.

नाणं आणि चिठ्ठी मात्र पीव्हीसीच्या (मऊ प्लॅस्टिकच्या) पाकिटात ठेवू नका, त्याने नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. मायलरचं (पॉलिएस्टर फिल्मचं) पाकीट घ्या आणि चिठ्ठी वेगळ्या कप्प्यात ठेवा, शाई नाण्याला लागता कामा नये.