स्प्रिंग कापू नका, लोअरिंग स्प्रिंग घ्या

गाडीची उंची कमी कशी करायची, या प्रश्नावर वर कुणीतरी 'उद्यमनगरातल्या वर्कशॉपात नेऊन स्प्रिंगचं दीड वेटोळं कापून घे' असा सल्ला दिलाय, तो ऐकू नका राव. कापलेली स्प्रिंग चाक लोंबकळलं की बैठकीतून सैल होते, मग वाकडी बसते. मॉडेलनुसार मिळणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली आणणाऱ्या तयार स्प्रिंग) घ्या आणि गाडी ३० मिमी खाली आणून थांबा. त्याहून खाली आणलीत तर मूळ शॉकअपला (शॉक अ‍ॅब्सॉर्बरला) वरखाली व्हायला चाल उरत नाही, गाडी बंप स्टॉपवरच, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यावरच आपटत राहते.

स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर लावल्याशिवाय स्ट्रटचा (स्प्रिंग आणि शॉकअपच्या जोडणीचा) वरचा नट सोडायचा नाही, स्प्रिंग उसळून जिवावर बेतेल. टॉप माउंट (स्ट्रट वर बॉडीला धरणारा भाग) आणि त्याचं बेअरिंग त्याच वेळी बघून घ्या. लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) रबरी बुशचे बोल्ट मात्र गाडी जॅकवर असताना आवळू नका, वजन चाकांवर आल्यावरच आवळा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. घाईत नेमकं हेच चुकतं.

आठवडाभर चालवून नव्या स्प्रिंग स्थिरावल्या की व्हील अलाइनमेंट करा. टो (चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडलेला राहिला तर टायर एका कडेने झिजतो. हेडलाइटचा झोतही परत जुळवून घ्या.

ऊसाच्या ट्रॉल्यांनी खचलेल्या रस्त्यावर रोजची ये-जा असेल, तर ३० मिमीसुद्धा जास्तच.