मदत हवी आहे : 'ब्लॉकेड रनर'ला मराठीत काय म्हणावे?

मंडळी, दिवाळी अंकासाठी जॉर्ज ट्रेनहोमवर लेख लिहितोय आणि एका शब्दापाशी अडलोय. ट्रेनहोम म्हणजे अमेरिकेतल्या चार्ल्सटनचा गडगंज कापूस-व्यापारी. 1864 मध्ये कॉन्फेडरसीचा, म्हणजे अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या संघाचा, अर्थमंत्री झाला. लिंकनने 1861 मध्ये दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केल्यावर ट्रेनहोमची जहाजे कापूस बाहेर नेत आणि बंदुका, दारूगोळा आत आणत. करड्या रंगाची, पाण्यालगत बुटकी, अमावास्येच्या सुमारास दिवे मालवून निघणारी वेगवान आगबोट. तिला एका शब्दात काय म्हणू?

'नाकेबंदी फोडणारे जहाज' लिहून पाहिले, पण ते लढाऊ वाटते; या बोटी लढत नसत, निसटत. 'तस्कर' म्हटले की लेखकाने आधीच निकाल दिल्यासारखे होते. (गुलामगिरी टिकवायला निघालेल्या पक्षाचा खजिना सांभाळणाऱ्याबद्दल मला प्रेम नाही, पण तो निकाल वाचकाने द्यावा.) सध्या 'नाकेबंदी-चुकवी बोट' वर थांबलोय, ते कानाला जरा पोरकट लागते.

कॉन्फेडरसी तसेच ठेवणार आहे, त्यावर चर्चा नको. तळटीप देता येणार नाही. शब्द लेखात दहा-बारा वेळा येतो, म्हणून सुटसुटीत हवा. लेखाचा शेवट मुंबईतल्या कापसाच्या तेजीवर आणि 1865 च्या आपटीवर आहे, म्हणून त्या काळच्या मराठीत शोभेल असा मिळाला तर उत्तमच.

कोकणातल्या खलाशांच्या बोलीत किंवा जुन्या मराठी वर्तमानपत्रांत अशा बोटीसाठी एखादा शब्द कुणाच्या वाचण्या-ऐकण्यात आहे का?