मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, पण इंटरव्ह्यूत बोअर गेज हातात दिलं आणि अडलो

प्रश्न:
डिप्लोमा ७८ टक्क्यांनी पास झालो. गेल्या आठवड्यात एका मशीन शॉपमध्ये इंटरव्ह्यू होता. साहेबांनी ड्रॉइंग पुढे केलं, बोअरवर, म्हणजे आतल्या गोल भोकावर, '२५ एच७' लिहिलेलं. विचारलं, "कितीपासून कितीपर्यंत चालेल?" लिमिट्स-फिट्सचा (मापात किती फरक चालतो, त्याचा) धडा पाठ होता, होल बेसिसची व्याख्या आत्ताही सांगेन, आकडा मात्र आला नाही. मग बोअर गेज, म्हणजे भोकाचा व्यास मोजायचं साधन, हातात दिलं. ते मी फक्त कपाटाच्या काचेतून पाहिलं होतं. "कळवतो" म्हणाले. आता ६ महिन्यांचा एखादा कोर्स करू का? की दुसरं काही?

उत्तर १ (इन्स्पेक्शन विभाग, १७ वर्षं):
कोर्सची फी भरण्याआधी माझं ऐक. २५ एच७ म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिमी. तक्त्यात बघून सांगितलं असतंस तरी चाललं असतं, आम्हीही तक्ता बघतोच. अडलं ते दुसरीकडे.

माझ्याकडे एक मुलगा आला होता, तुझ्यासारखाच, मार्क चांगले. पहिल्याच आठवड्यात त्याने १२ जॉब (बनवलेले भाग) मशीनवरून उतरवल्या उतरवल्या मोजले. माप २५.००५, सगळे ओके लिहून मोकळा झाला. दुपारी प्लग गेजची 'गो' बाजू (बोअर लहान नसेल तर आत जाणारं टोक) एकातही जाईना. तो घाबरून माझ्याकडे आला. मी विचारलं, मोजताना जॉब हाताला कसा लागत होता? "गरम होता, ताई." बस्. पोलाद ३० अंशांनी तापलं की २५ मिमीचा बोअर आठ-नऊ मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) मोठा दिसतो. थंड झाल्यावर तो २५ च्या खाली गेला. म्हणून तर मापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस धरलेलं आहे. बोअर लहानच होते म्हणून परत मशीनवर लावून वाचवता आले. मोठे झाले असते तर बाराच्या बारा भंगारात गेले असते.

प्रसरणाचं गणित त्याने परीक्षेत अचूक सोडवलं होतं. पण ते गणित या जॉबला लागू होतं, हे त्याला कोणी दाखवलंच नव्हतं. मला राग येतो तो याचा, मुलांचा नाही. आणि आमच्या बाजूचीही चूक सांगते: नव्या मुलाला पहिल्या दिवसापासून प्रॉडक्शनचा आकडा देतात. त्याच्याशेजारी पंधरा दिवस कोणी उभं राहत नाही, आणि मग "मुलांना काही येत नाही" म्हणतात.

तू अप्रेंटिसशिप शोध. मिळेपर्यंत कॉलेजच्या मेट्रॉलॉजी (मोजमापाच्या) लॅबमध्ये जा. एकच जॉब घे, तीन वेगवेगळ्या साधनांनी मोज, वहीत लिही. माप वेगळं आलं तर का आलं, तेही लिही. पुढच्या इंटरव्ह्यूला ती वही घेऊन जा. समोर बसलेली मी असेन तर आधी वहीच मागेन.

उत्तर २ (डिप्लोमाला शिकवतो):
ताईंचं बरोबर आहे. लेथ एक आणि भोवती २० मुलं. चालवतो एक, बाकीचे जर्नल उतरवतात. जर्मनीत आठवड्याचे तीन-चार दिवस कंपनीत करार करून, विद्यावेतन घेऊन काम आणि उरलेले दिवस शाळा, असं दोन ते साडेतीन वर्षं चालतं. १९६९ पासून त्याला कायद्याची चौकट आहे. मला त्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते परीक्षेचं. परीक्षक मंडळात कारखानदार, कामगार आणि शिक्षक तिघांचेही लोक असतात. आमचा पेपर तपासताना शॉपमधलं कोणीच नसतं.
मुला, तुझ्या सरांना सरळ विचार. लॅब उघडी मागणारा विद्यार्थी आला तर आम्हाला आनंदच होतो.

प्रश्नकर्ता:
सर, ताई, शनिवारी लॅब मिळाली. एकाच बुशचे (पोकळ नळीसारख्या भागाचे) पाच रीडिंग घेतले, पाचही वेगळे, १४ मायक्रॉनचा फरक. रिंगवर (माप माहीत असलेल्या कड्यावर) गेजचं शून्य नीट लावलं होतं. माझा हात चुकतोय का?

उत्तर १:
हो, हातच. गेज बोअरमध्ये एका जागी दाबून धरू नकोस, हळू मागेपुढे झुलव. काटा एका जागी पोचून उलटा फिरतो. ते सर्वांत लहान रीडिंग, तेच तुझं माप. रिंगवर शून्य लावतानाही असंच झुलवायचं. पुढच्या शनिवारी पाच नाही, वीस घे आणि इथे टाक.