बी-३०४ चा ओव्हन: खरंच बोर्ड गेलाय का?

काकू बी-३०४: नमस्कार सगळ्यांना. आमचा कपाटात बसवलेला ओव्हन परवापासून तापत नाही. दिवा लागतो, पंखा फिरतो, आकडे दिसतात, पण दोन मिनिटांत पीप पीप करून एक कोड येतो आणि बंद. सर्व्हिसवाला आला, बटणं दाबून बघितला आणि म्हणाला पीसीबी, म्हणजे आतला कंट्रोल बोर्ड गेलाय, साडेआठ हजार होतील. घालायचे का एवढे? रविवारी नातवाचा वाढदिवस हाय. केक दरवर्षी मीच करतो.

ए-१०२: आमच्या मायक्रोवेव्हचं असंच झालेलं. मी मागचं झाकण काढून फ्यूज बदलला, झालं काम.

दादा सी-४०१: ए-१०२, हात जोडून सांगतो, परत उघडू नका. मायक्रोवेव्हमधला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, दोन हजार व्होल्टच्या आसपास चार्ज होतो आणि प्लग काढल्यावरही चार्ज राहू शकतो. जीव जातो त्यानं. काकूंचा ओव्हन तापणाऱ्या कॉइलवाला आहे, ते प्रकरण वेगळं.
काकू, परवा लाईट गेली होती का? घड्याळ लुकलुकत असेल तर बरेच ओव्हन वेळ लावल्याशिवाय तापत नाहीत. किल्लीचं चिन्ह दिसतंय का? ते चाइल्ड लॉक.

काकू बी-३०४: वेळ लावलोय. किल्ली नाही.

ताई ए-३०१: डेमो मोड बघा काकू. दुकानात ठेवतात तसा. सगळं चालू दिसतं, फक्त तापत नाही. आमचा तसाच आलेला.

दादा सी-४०१: बरोबर ताई, पण डेमोत असा कोड येऊन बंद पडत नाही. काकू, पुस्तकात त्या कोडपुढं काय लिहिलंय?

काकू बी-३०४: “तापमान सेन्सर”.

दादा सी-४०१: मग बोर्डाचे पैसे अजिबात देऊ नका. सर्व्हिसवाल्यानं ओहम-व्होल्ट मोजायचा मीटर लावला होता का?

काकू बी-३०४: मीटर काढलाच नाही पिशवीतनं.

दादा सी-४०१: ह्याचाच मला राग येतो. उद्यमनगरात इलेक्ट्रिक पॅनेलचं काम करून इतकी वर्षं झाली, मोजल्याशिवाय बोर्ड बदललेला मी चालवून घेत नाही. नीट सांगतो, सगळ्यांच्याच उपयोगाचं आहे.
ओव्हनच्या आत मागच्या भिंतीला पेन्सिलीएवढी एक बारीक कांडी असते, तो सेन्सर. जितकं तापेल तितका त्याचा रोध वाढतो. बऱ्याच ओव्हनमध्ये पीटी१००० जातीचा असतो: शून्य अंशाला १००० ओहम, आपल्या घरच्या हवेत साधारण ११००, आणि २०० अंशाला १७६० च्या जवळपास. बोर्ड हा आकडा वाचूनच कॉइल चालू-बंद करतो. वायर तुटली की आकडा अनंत होतो. आत किती तापलंय तेच कळत नाही, म्हणून बोर्ड कॉइल बंद करून कोड दाखवतो. काकूंचा बोर्ड तेच करतोय.
बोर्ड खरंच गेलाय हे कधी म्हणायचं? रिले, म्हणजे बोर्डावरचा कॉइल चालू-बंद करणारा स्विच, ‘टक’ वाजतो, पण कॉइलपर्यंत २३० व्होल्ट पोचत नाहीत. किंवा रिलेखालचं सोल्डर तपकिरी पडलंय, कपॅसिटर फुगलाय. हे चालू लाईनवरचं मोजमाप घरी कुणी करू नये, इलेक्ट्रिशियनलाच सांगा.

बी-१०३: आमच्याकडं जुलैत ओव्हन लावला की आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) पडायचा. तेव्हापण बोर्डच सांगितलेला.

दादा सी-४०१: ती पावसाळ्याची ओल. कॉइलच्या आतल्या पांढऱ्या भुकटीत दमट हवा शिरते आणि करंट बॉडीत गळतो. साधा मीटर ते दाखवत नाही, मेगर लागतो, जास्त व्होल्ट देऊन गळती तपासणारा. काकू, मी शनिवारी सकाळी येतो. तोवर ओव्हनचा एमसीबी (पेटीतला त्याच्या लाईनचा स्विच) पाडून ठेवा.

(शनिवार)

दादा सी-४०१: बघितला. एमसीबी पाडून, प्लग काढून, दारामागचे दोन स्क्रू सोडून ओव्हन बाहेर ओढला. कॉइल ४५ ओहम, म्हणजे बाराशे वॅटच्या मानानं ठीक. थर्मल कटआऊट, म्हणजे फार तापलं की लाईन तोडणारा स्विच, शून्य ओहम, तोही ठीक. सेन्सर थेट मोजला तर ११०८, एकदम स्थिर. पण तीच वायर बोर्डाकडच्या टोकाला मोजली की अनंत. वायर हलवली की आकडा येतो, सोडली की जातो. कनेक्टरची एक पिन हिरवी पडलीय, भांडी धुतलेलं पाणी शेजारच्या सिंकमधनं मागं झिरपत होतं. पिन घासून साफ केली, घट्ट दाबून बसवली. काकू, सिंकचा सांधा आजच प्लंबरकडून सील करून घ्या, नाहीतर पिन परत गंजणार.

ए-१०२: म्हणजे खर्च काहीच नाही?

दादा सी-४०१: पिनेचा नाही. प्लंबरचा होईल. आणि काकू, गरम झाल्यावर धातू फुगतो, तेव्हा ढिली पिन परत दगा देऊ शकते. १८० ला लावून तासभर बघा. कोड आला तर पिनच नवी घालू.

काकू बी-३०४: तास झाला. कोड आला नाही. केकचा बेस भाजून बाहेर काढलोय, आता दुसरा घालतो. प्लंबर चारला येणार हाय. ए-१०२, तू पण वर ये, आणि त्या मायक्रोवेव्हला हात लावू नको.

ए-१०२: नाही लावत काकू. येतो.